नायकाविना उठाव

युद्धचित्रात सेनापतीला मानाचे स्थान द्यावे, हा युरोपीय चित्रकलेचा जुना संकेत होय. फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराने १८१४ साली रंगविलेल्या '२ मे १८०८' या भव्य चित्रात मात्र सेनापती नाहीच.

१८०८ च्या वसंतात माद्रिद नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यात होते आणि राजा फेर्दिनांद फ्रान्समध्ये अडकून पडला होता. राजघराण्यातील उरलेल्या व्यक्तींनाही हलविण्यात येत आहे असे दिसताच, २ मे रोजी माद्रिदचे सामान्य लोक हाती लागेल ते शस्त्र घेऊन रस्त्यावर उतरले. नेपोलियनच्या मामलुक घोडेस्वारांशी त्यांची झालेली झटापट हा या चित्राचा विषय.

एक मामलुक घोड्यावरून उलटा कोसळला आहे, तरी एक नागरिक त्याला भोसकतोच आहे. दुसऱ्याचा सुरा मुक्या घोड्याच्या अंगात शिरत आहे. गोयाची सहानुभूती लोकांकडे आहे. पण त्यांच्या क्रोधाला त्याने सोज्वळ रूप दिलेले नाही. जोडीच्या '३ मे' या चित्रात त्याच लोकांना रात्री गोळ्या घातल्या जात आहेत. तेथे चेहरे दिसतात ते केवळ मरणाऱ्यांचे. मारणारे पाठमोरे आहेत.

स्पेनमधील यादवी युद्धात, १९३८ साली, सुरक्षित स्थळी नेत असता '२ मे' हे चित्र फाटले. २००८ मध्ये प्रादो संग्रहालयाने त्याची डागडुजी पूर्ण केली. परचक्राची कहाणी सांगणाऱ्या या चित्राला घाव बसला, तो मात्र स्वकीयांच्या लढाईत.