बासीचं पाणी कोण विचारणार?

रायपूरच्या गोलबाजारात काविळीची खबर दवाखान्याच्या आधी पोहोचते. मालवीय रोडवरून आत वळलं की किराणा, बांगड्या, पूजेचं साहित्य, लग्नाचं सामान अशी दुकानं दाटीने लागतात. त्यांतच जडीबुटीवालेही आहेत. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली की बरेच जण डॉक्टरकडे जाण्याआधी इथे येतात. कुणाला काढ्याची मुळं हवी असतात, कुणाला गळ्यात घालायची माळ, कुणाला कावीळ झाडणाऱ्याचा पत्ता. कुठल्या मोहल्ल्यातून विचारणा वाढली, हे दुकानदाराला गल्ल्यावर बसल्या बसल्या समजतं. एका उन्हाळ्यात काविळीच्या साथीत मी एका छोट्या गटाबरोबर फिरले. त्यातल्या समाजशास्त्र शिकलेल्या मुलीने कामाची सुरुवात या दुकानांपासून केली. तिच्या वहीत रुग्णांची नावं नव्हती, मोहल्ल्यांची होती.

रायपूरला हा आजार नवा नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात नहरपारा वस्तीत काविळीने माणसं दगावली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं शहर कोरोनाच्या टाळेबंदीत असताना इथे पुन्हा काविळीचे रुग्ण निघाले. अशा साथींमागे बहुतेक वेळा हेपॅटायटिस ई हा विषाणू असतो. तो मैलामिश्रित पाण्यातून येतो. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेचं पाणी दूषित होऊन सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती, तीही याच विषाणूमुळे, हे पुढे सिद्ध झालं. धडधाकट माणूस सहसा काही आठवड्यांत बरा होतो. गरोदर बाईला मात्र शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार जिवावर बेततो. अशा दर चार-पाच जणींतली एक दगावू शकते.

पाणी बिघडतं कसं, हे गल्लीत उभं राहिलं की दिसतं. जुनी नळजोडणी नालीतून किंवा नालीला चिकटून गेलेली असते. नळ दिवसातून थोडा वेळ येतो, उरलेला वेळ पाइप रिकामा. रिकाम्या पाइपात दाब उरत नाही आणि सांध्यातून नालीचं पाणी आत शिरतं. त्यात कुणी नळाला टुल्लू पंप लावला की ओढ आणखी वाढते. अभियंत्याला हे सगळं माहीत असतं. कुठल्या घरात टुल्लू आहे, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही, कारण पंप जप्त होण्याची भीती असते. मितानीनदीदीला सांगतात.

छत्तीसगड राज्य २००० साली झालं आणि २००२ मध्ये मितानीन कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक पाड्याने आपल्यातलीच एक बाई निवडायची आणि आरोग्याचं प्राथमिक काम तिने करायचं, अशी ही रचना. २००५ साली देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्याआधी हा प्रयोग इथे उभा होता. आज राज्यात सुमारे ७०,००० मितानीन आहेत आणि २०१२ पासून शहरांच्या वस्त्यांतही त्या काम करतात. आमच्या गटातली मितानीन पन्नाशीची, गोलबाजारामागच्या वस्तीतच सासरी आलेली. तिला प्रत्येक दाराशी वेगळं बोलता येत होतं. एका ठिकाणी ती उंबऱ्यावर बसायची, दुसऱ्या ठिकाणी उभ्यानेच आवाज द्यायची. एका घरी सासू असेपर्यंत तिने पाण्याचा विषयच काढला नाही.

प्रश्न कसा विचारायचा, यावर मितानीन आणि समाजशास्त्राच्या मुलीची रोज चर्चा व्हायची. “पाणी उकळून पिता का?” या प्रश्नाला सगळीकडे “हो” हेच उत्तर मिळतं, म्हणून तो त्यांनी काढून टाकला. त्याऐवजी “प्यायचं पाणी कुठे ठेवलंय, दाखवा”, “आज पहाटे कोण भरायला गेलं?”, “लहान पोराला तहान लागली तर तो कुठे हात घालतो?” असं विचारू लागल्या. एका घरात बाईने उकळलेलं पाणी झाकणाच्या गुंडीत भरून ठेवलेलं दाखवलं. गॅस महाग, तरी ती रोज उकळत होती. तरीही तिच्या नवऱ्याला कावीळ झाली होती. समाजशास्त्राच्या मुलीने विचारलं, “सकाळी काय खाऊन कामाला जातात?” उत्तर आलं, “बासी.”

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, मीठ, चटणीबरोबर खायचा. उन्हाळ्यात छत्तीसगडच्या कष्टकऱ्याचं पोट यावर थंड राहतं. २०२२ च्या कामगारदिनी खुद्द मुख्यमंत्र्यांनी सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं होतं. पण भात भिजवायचं पाणी कुठलं? या घरात ते थेट नळाचं होतं. प्यायचं पाणी वेगळं आणि भातातलं वेगळं, असंच कुणीही धरून चालेल. नवरा भातावरचं पाणीही पिऊन कामाला जात होता. भिंतीवरच्या फलकावर “पाणी उकळून प्या” असं ठसठशीत छापलं होतं आणि ती बाई ते तंतोतंत पाळत होती. दोन दिवसांत मितानीनीने सांगायचं वाक्य बदललं: बासी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा. बासी सोडा, असं तिने एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढचं कुणी ऐकलं नसतं.

आजार कधी शिरला, हेही बायांनीच सांगितलं. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुधा पाच-सहा. म्हणजे आज रुग्ण सापडला तरी दोष महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्यात असतो आणि आजचा नमुना स्वच्छही निघू शकतो. तारीख कुणालाच आठवत नाही, सण आठवतात. एका आजींनी सांगितलं, नवरात्रातल्या जंवारा विसर्जनाच्या दिवशी “नल के पानी बस्सावत रिहिस”. नळाच्या पाण्याला घाण वास येत होता. पुढच्या तीन दारांत तेच ऐकू आलं, चौथ्या दारात नाही. त्या चौथ्या घराची जोडणी दुसऱ्या बाजूच्या पाइपवरून होती. संध्याकाळी ही नोंद घेऊन अभियंता वास आलेल्या घरांच्या पाइपापाशी आला आणि खोदकाम तिथून सुरू झालं.

पाण्याची तपासणीही लोकांसमोर झाली. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होतं आणि शेजारच्या रंगपट्टीशी जुळवून त्याचं प्रमाण कळतं. साथीच्या काळात शेवटच्या नळावरही लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. गल्लीच्या तोंडाशी रंग आला, टोकाच्या नळावर पाणी कोरं राहिलं. बाया वाकून बघत होत्या. त्यानंतर क्लोरीनच्या गोळ्या वाटताना “याने मूल होत नाही म्हणे” ही कुजबुज पुष्कळ कमी झाली. मितानीनीने ती कुजबुज आधीच वहीत लिहून ठेवली होती. कुणी म्हटलं, कुठल्या घरी, हे तिने लिहिलं नाही.

बाजारातल्या गुपचुपवाल्यांकडे, म्हणजे पाणीपुरीवाल्यांकडे, ती दुपारी, गिऱ्हाईक नसताना जायची. गाडे उचलून नेण्याची धमकी त्यांनी आधी ऐकलेली होती. तिने एवढंच विचारलं की पाणी कुठून भरता. दोघे त्याच टोकाच्या नळावरून भरत होते. त्यांना पाणी भरायला दुसरी जागा मिळाली आणि धंदा चालू राहिला. कावीळ झाडणाऱ्याशीही भांडण केलं नाही. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीने धुतला की पिवळं पाणी निघतं, ही हातचलाखी महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवली आहे. पण साथीच्या ऐन मध्यात त्याला उघडं पाडलं असतं, तर लोक त्याच्याकडे लपून गेले असते. त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: गरोदर बाई आली तर हात लावायचा नाही, त्याच दिवशी इस्पितळात पाठवायची. त्याने पाठवली. भोंदूपणा उघडा करायलाच हवा, पण साथ ओसरल्यावर, सवडीने.

हे काम का लागतं, याचा धडा आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोरे सैनिक घराघरांत घुसवले. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच पुण्याच्या कडेला सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. आजारी मुलाला पाठीवरून आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीतही लोकांचा असाच अविश्वास आडवा आला. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात माहिती द्यायला गेलेल्या पथकातले आठ जण गावकऱ्यांनी मारले. मानवशास्त्रज्ञांनी अंत्यविधीबद्दल लोकांना काय दुखतं ते ऐकून घेतलं. मग कुटुंबाला प्रार्थना करता येईल, लांबून दर्शन घेता येईल असे दफनविधी ठरले आणि प्रेतं लपवणं कमी झालं. त्या साथीत ११,००० हून अधिक माणसं गेली. लोकांचं ऐकणं लवकर सुरू झालं असतं तर हा आकडा लहान असता, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे साथ आली की डॉक्टर, औषधं, टँकर यांची तरतूद होते. विचारणाऱ्या माणसाची होत नाही. मितानीन काय, आशा काय, त्यांना स्वयंसेविका म्हणून पगाराऐवजी मोबदला मिळतो आणि समाजशास्त्र शिकलेलं माणूस साथ भडकल्यावर तात्पुरतं बोलावलं जातं. ओळख मात्र साथीच्या आधीच व्हावी लागते. जिने बाळंतपणं सांभाळली, तिलाच टुल्लूची जागा सांगितली जाते. प्रत्येक महापालिकेच्या आरोग्य खात्यात विचारणाऱ्या माणसाचं पद कायमचं असायला हवं. त्या माणसाची वही रोज अभियंत्याच्या टेबलावर जायला हवी आणि या बायांना नियमित पगार मिळायला हवा. तुमच्या नगरसेवकाला पाण्याच्या पाइपाबद्दल विचाराल, तेव्हा हेही विचारा.