शिरोरेषा आणि पातं

रिक्षाच्या मागच्या काचेवर 'आईची कृपा' असं झोकदार अक्षरांत लिहिलेलं असतं. ते बहुधा ब्रशने रंगवलेलं नसतं; रेडियमच्या दुकानातल्या कटिंग प्लॉटरने स्टिकरच्या रोलमधून कापलेलं असतं. अमेरिकेतल्या गर्बर सायंटिफिक कंपनीने १९८३ मध्ये पाट्यांची अक्षरं कापणारं 'साइनमेकर' यंत्र बाजारात आणलं. त्याच जातीची घरगुती यंत्रं आता टेबलावर मावतात. युटा राज्यातल्या प्रोव्हो क्राफ्टने आणलेलं क्रिकट, जपानच्या ग्राफटेकच्या तंत्रावर उभं राहिलेलं सिल्हूएट, ब्रदरचं स्कॅन-एन-कट ही त्यातली ठळक नावं. कागद, कार्डशीट किंवा फेल्ट चिकट मॅटवर दाबून आत सरकवलं, की कॉम्प्युटरवर आखलेला आकार कापून हातात येतो.

तयार मिळणारी डिझाइनं मात्र बहुतेक तिकडच्या सणांची असतात: भोपळे, रेनडिअर, 'मेरी ख्रिसमस'. कंदिलाची जाळी, तोरण, 'शुभ दीपावली' हे आपलं आपणच आखावं लागतं. ते आखण्यातच या छंदाचा खरा आनंद आहे, आणि कापून काढण्यासाठी देवनागरीइतकी सोयीची लिपी शोधून सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी शब्द कापला की सुटी अक्षरं हातात येतात. ती एका ओळीत चिकटवताना जीव मेटाकुटीला येतो. मराठी शब्द शिरोरेषेला लटकून अख्खा निघतो. दोऱ्यात ओवा, कंदिलावर डकवा, शब्द विस्कटत नाही.

पण हे आपोआप होत नाही. पडद्यावर सलग दिसणारी शिरोरेषा प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची वेगळी असते, तिचे तुकडे नुसते एकमेकांवर चढलेले असतात. यंत्र प्रत्येक अक्षराची कड इमानाने कापतं, म्हणजे जोडावरही काप मारतं, आणि 'दीपावली'चे तुकडे होतात. म्हणून कापण्याआधी अक्षरं एकजीव करायची. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर याला उत्तम. युनिकोडमध्ये शब्द टाइप करायचा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करायचं, ग्रुप सोडवून सगळी अक्षरं निवडायची आणि 'युनियन' द्यायचं. क्रिकटच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच 'वेल्ड' म्हणतात. रेडियमवाले कोरलड्रॉमध्ये हेच काम रोज करतात, त्यामुळे यंत्र घेण्याआधी त्यांच्या शेजारी तासभर बसलात तर खूप शिकायला मिळेल.

एवढं करूनही तीन जागा दगा देतात. पहिली अनुस्वाराची. 'आनंद'मधला ठिपका कशालाच चिकटलेला नसतो, तो मॅटवरच राहतो. त्याला थोडा मोठा करून खाली ओढायचा आणि शिरोरेषेला टेकवायचा. दुसरी जागा दोन शब्दांमधली: तिथे शिरोरेषेच्या जाडीची एक पट्टी काढून शब्द जोडायचे. तिसरी सहज लक्षात येत नाही. ध, भ, थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा पुरती नसते, डावीकडे ती तुटलेली असते. त्यामुळे 'शुभ' हा शब्द नेमका मधोमध सुटू शकतो. तिथे एक बारीक सांधा द्यावा, पण भ चा म दिसणार नाही इतकाच. फॉन्ट जाड निवडावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'बलू' आणि 'मुक्ता' हे फॉन्ट मोफत मिळतात. 'बलू'ची गुबगुबीत अक्षरं कागदात फार सुरेख कापली जातात. 'मुक्ता'चं ठळक वजन घ्यावं.

यंत्रातलं साधं पातं स्वतःहून वळत नाही. त्याचं टोक मधल्या अक्षापासून किंचित बाजूला असतं, त्यामुळे प्रवासी बॅगेच्या चाकासारखं ते ओढ असेल तिकडे तोंड करतं. टोकदार कोपऱ्यावर त्याची कसोटी लागते. कागद ठिसूळ असेल किंवा पातं बोथट झालं असेल, तर कोपरा आधी फाटतो. म्हणून पानाच्या कडेला एक छोटा त्रिकोण कापून बघावा आणि तो स्वच्छ निघाला तरच पुढे जावं. कंदिलाच्या जाळीला २०० जीएसएमच्या आसपासचं कार्डशीट चांगलं. मॅट बारा इंच चौरस असतो, त्यामुळे ए-फोर कागद त्यावर आडवाउभा कसाही बसतो. कागदाला एका दिशेने वाकायची सवय असते. हातात धरून दोन्हीकडून वाकवून बघा आणि घड्या त्या दिशेने येतील असा तो मॅटवर लावा. आतून लावायचा पतंगी कागद नव्या मॅटवर फाटतो. तेव्हा मॅट आधी सुती कपड्यावर दोन-चारदा दाबून त्याचा चिकटपणा उतरवावा. काढतानाही कागद ओढायचा नाही. मॅट पालथा घालायचा, कागद टेबलाशी दाबून धरायचा आणि मॅट वर वाकवत सोलायचा. जाळी सपाट राहते.

फेल्टची तऱ्हा निराळी. ते विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत गुंतून तयार झालेलं असतं. म्हणून कापल्यावर त्याच्या कडेचे दोरे सुटत नाहीत, शिवणीची गरज पडत नाही. पण याच तंतूंमुळे साधं पातं त्यात अडखळतं आणि कोपऱ्यात लव गोळा होते. क्रिकटने २०१७ साली आणलेल्या 'मेकर'मध्ये गोल फिरणारं पातं बसतं. ते फेल्ट ओढत नाही, त्यावरून फिरत कापतं. पाऊण इंचाहून लहान आकार मात्र त्याला जमत नाहीत. साधंच पातं असेल तर शिंप्याकडे मिळणारं पेस्टिंगचं बकरम फेल्टच्या मागे इस्त्रीने चिकटवावं. आपल्याकडे मिळणारं फेल्ट बहुतेक कृत्रिम धाग्याचं असतं, गरम इस्त्रीने ते वितळतं. वरून सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवावी आणि बकरमची बाजू मॅटवर ठेवून कापावं.

तोरणाचा झेंडू असा होतो: फूटभर लांबीची पिवळी पट्टी, खालची कड सरळ, वरच्या कडेला कमानी, एका टोकाला त्या लहान, दुसऱ्या टोकाकडे मोठ्या होत गेलेल्या. लहान टोकापासून, सरळ कडेला गोंद लावत, घट्ट गुंडाळत जायचं. मधला गाभा दाट बसतो आणि बाहेरच्या पाकळ्या बोटाने उलगडल्या की फूल भरतं. आंब्याच्या पानांवर मधली शीर पोपटी दोऱ्याने धावदोरा घालून काढावी. ते टाके हातानेच घालावेत, त्यांनी पानाला जिवंतपणा येतो.

अक्षरं काढून झाल्यावर उरलेलं पान टाकू नका, रांगोळीचा छाप म्हणून ते कामी येतं. वारंवार वापरायचं तर हाच छाप पातळ प्लास्टिक शीटमधून कापावा. मात्र इथे गणित उलटं होतं. व, ब, क यांच्या पोटातली पोकळी आणि प, म यांच्यातली शिरोरेषेखालची जागा सुटी होऊन गळून पडते, आणि रांगोळी टाकली की अक्षराचा नुसता ठिपका उमटतो. अशा प्रत्येक पोकळीला बाहेरच्या पानाशी जोडणारा दोन-तीन मिलिमीटर रुंदीचा पूल ठेवावा. तो उभ्या दांडीतून न्यावा, शिरोरेषेतून नको. छाप उचलल्यावर तिथे राहिलेली बारीक फट चिमटीभर रांगोळीने लगेच भरून येते.