मुलासाठी मुंबईत घर : एक खोली की दोन?

तालुक्याच्या गावी दुकान आणि मुलगा मुंबईत सीएच्या आर्टिकलशिपला किंवा नोकरीला, अशी स्थिती आज अनेक जैन व्यापारी कुटुंबांत आहे. दरमहा भाडे भरण्यापेक्षा स्वतःचे घर घ्यावे, असा विचार निघतो. मुलुंड, घाटकोपर, भाईंदर अशा देरासराजवळच्या वस्त्यांतील भाव कानी पडले, की प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो. एकाच खोलीत ओटा, बैठक आणि अंथरूण असलेला स्टुडिओ घ्यावा, की आणखी काही लाख घालून स्वतंत्र शयनगृहाचे वन-बीएचके?

व्यापाऱ्याचे मन प्रथम स्टुडिओकडे झुकते, आणि ते अगदीच अनाठायी नाही. घरात अडकलेली रक्कम म्हणजे दुकानातून काढलेले भांडवल. हंगामात माल भरताना ती हाताशी नसते. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात 45 लाखांपर्यंतच्या लहान घरावर जीएसटी 1 टक्का, तर त्याहून महाग घरावर 5 टक्के लागतो, हाही स्टुडिओच्या बाजूचा मुद्दा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर मात्र हा कर नाहीच.

परंतु क्षेत्रफळ कमी म्हणून सारा खर्च त्याच प्रमाणात कमी, हे गृहीत टिकत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. रखवालदार आणि साफसफाई यांचा वाटा एका खोलीच्या मालकालाही तीन खोल्यांच्या मालकाइतकाच उचलावा लागतो. घराची किंमत 30 लाखांवर गेली, की नोंदणी शुल्कही दोघांना सारखेच, 30 हजार रुपये.

खरा फटका बसतो तो घर बदलताना. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 6 टक्के आहे. 50 लाखांचा स्टुडिओ घेतला तर 3 लाख मुद्रांकाचे आणि 30 हजार नोंदणीचे गेले. मुलाचे लग्न दोन वर्षांत ठरले आणि मोठे घर घ्यावे लागले, तर ही रक्कम परत येत नाही. नव्या घरावर शुल्क पुन्हा भरायचे, दलालीही दोनदा. शिवाय 24 महिन्यांच्या आत विक्री झाल्यास नफा अल्पमुदतीचा धरला जातो आणि त्यावर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. मुलाच्या स्थळांची बोलणी चालू असतील, तर त्या घराने स्टुडिओ घेऊच नये. दोन वर्षे भाडे भरून पुढे वन-बीएचके घेणे स्वस्त पडण्याचा संभव अधिक.

राहणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सामायिकाला 48 मिनिटांची निवांत जागा हवी. एकाच खोलीत एकजण आसन घालून बसला, की दुसऱ्याने फोनवर बोलायचे कुठे? नवी सून आणि मुलगा राहत असताना गावाहून आई-वडील पर्युषणासाठी आले, तर दोन्ही बाजूंना संकोच. दिगंबर घरात मुनींच्या आहारासाठी चौका लावायचा, तर पलंगाशेजारच्या ओट्यावर ते शुद्धीचे नियम सांभाळणे जवळपास अशक्य. एक गोष्ट मात्र स्टुडिओच्या बाजूने जाते : चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, त्यामुळे फोडणीचा वास अंथरुणापर्यंत येण्याची तक्रार तेवढी कमी.

काहीजण मधला मार्ग सुचवतात : आज एक खोली घेऊ, पुढे शेजारची घेऊन मधली भिंत काढू. शेजारी विकेलच असे नाही. विकलीच, तरी संस्थेची आणि महापालिकेची परवानगी लागते. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्यांसाठी येथे आणखी एक पेच आहे. घरांची ठरवलेली संख्या कायम राहावी म्हणून शेजारचे घर जोडून दोहोंचे एक करणे, हे श्वेतांबर आचार्यांनी श्रावकाचारात अतिचारांमध्येच गणले आहे. जोड-फ्लॅटची ही युक्ती इतकी जुनी असावी, याचे नवल वाटते.

आईला एकटीला देरासराजवळ राहायचे असेल, तर हिशेब उलटतो. पायी जाण्याच्या अंतरावर देरासर, इमारतीला लिफ्ट, आवरायला एकच खोली : तिच्यासाठी दूरच्या वन-बीएचकेपेक्षा जवळचा स्टुडिओ सरस. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलतही मिळते.

कोणतेही घर पाहताना रेराच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्र लेखी मागावे. त्यात बाल्कनी धरलेली नसते, घरातील आतल्या भिंती मात्र धरलेल्या असतात. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि मोजपट्टी सोबत न्यावी. पलंग, कपाट आणि ओट्यापुढे उभे राहण्याची जागा खडूने आखून पाहिली, की आसन टाकायला जमीन किती उरते ते तिथल्या तिथे कळते.