बादली फुटते ती जुन्या दाण्यामुळे?

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या घाऊक बाजारात बादल्या, मग, डबे गठ्ठ्याने विकले जातात. माल लवकर फुटला की ‘भंगाराचा दाणा असणार’, म्हणजे जुनं प्लॅस्टिक वितळवून केलेला दाणा वापरला असणार, असा निकाल लागतो. हा निकाल अर्धवट आहे आणि त्यात चांगल्या रिसायकल मालाचं नाव हकनाक खराब होतं.

पहिला गैरसमज असा, की वितळलं की सगळं प्लॅस्टिक एक होतं. तसं होत नाही. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही पाण्यावर तरंगतात, म्हणून धुलाईच्या टाकीत वेगळी होत नाहीत आणि एकाच भट्टीत जातात. तिथे एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात अडकून राहतात, पण दोघांची पकड बसत नाही. फुटलेल्या मगाची कड नखाने खरवडून पाहा. पापुद्रे सुटत असतील, तर बहुधा न जुळणारे दाणे एकत्र आले आहेत.

मग नवा दाणा वाढवला की भागेल? हा दुसरा गैरसमज, आणि तो महागात पडतो. नव्या दाण्याने दोष पातळ होतो, पण न जुळणाऱ्या दोन जातींमधला सांधा कच्चाच राहतो. तिथे लागतो कॉम्पॅटिबिलायझर. साबणाचं एक टोक तेल धरतं आणि दुसरं पाणी, तसा हा रेणू दोन प्लॅस्टिकांना बांधतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं, की पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनच्या ठिसूळ मिश्रणात खास घडवलेला असा रेणू जेमतेम 1 टक्का घातला तरी ते चिवट होतं. नायलॉन आणि पॉलिथिन जुळवायला मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिन वापरतात.

पण तो रामबाणही नव्हे. पाण्याच्या बाटलीच्या पीईटीत पीव्हीसीचे तुकडे गेले, तर पीईटी वितळवण्याच्या 260 अंशांच्या पुढच्या तापमानात पीव्हीसी टिकत नाही, ते कुजतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि पीईटीच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे टाकीत तेही वेगळे होत नाहीत. पुन्हापुन्हा तापून पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या आखूड झाल्या असतील, तर त्याही कॉम्पॅटिबिलायझरने लांब होत नाहीत.

उलट एकाच जातीचा, धुतलेला, नीट वाळवलेला जुना दाणा त्याच जातीच्या नव्या दाण्यात उत्तम मिसळतो. बाटलीवरच्या त्रिकोणातला आकडा हीच जात सांगतो: 1 पीईटी, 2 एचडी म्हणजे पॉलिथिनचा एक प्रकार, 5 पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. माल रिसायकल केलेला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

केंद्राच्या 2022 च्या नियमांनी कडक पॅकेजिंगमध्ये रिसायकल प्लॅस्टिकचं प्रमाण 2025-26 मध्ये 30 टक्के आणि 2028-29 पासून 60 टक्के ठरवलं आहे. टक्का गाठायच्या घाईत दाणा कसाही मिसळला, तर ग्राहक रिसायकल मालालाच नाकारेल. चेन्नईतच गिंडीला 1968 पासून सिपेट ही प्लॅस्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे, तिथे चाचणीची सोय आहे. कारखानदारांनो, नव्या दाण्याचं पोतं फोडण्याआधी जुन्या दाण्याची जात आणि वितळल्यावरचा प्रवाह तपासून घ्या.