पैदाशीच्या कोंबड्यांचे खाद्य : प्रथिनांचे प्रमाण व समतोल

जळगाव व धुळे जिल्ह्यांत मका, ज्वारी व सरकी पिकत असल्याने कोंबड्यांचे खाद्य घरीच मिसळण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. परंतु उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबडीस केवळ पोटभर दाणा पुरत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात व पिलाची घडण त्याच साठ्यातून होते.

प्रथिने अॅमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसिन व मेथिओनिन खाद्यातूनच मिळावी लागतात. एक जरी कमी पडले, तरी इतरांचा पुरता उपयोग होत नाही व जादा नत्र विष्ठेवाटे वाया जाते. पाचक रसांतील विकरेही प्रथिनांचीच असल्याने दीर्घकाळच्या उणिवेने पचनशक्ती क्षीण होते.

मका व ज्वारीत लायसिन कमी असते. भुईमुगाच्या पेंडीत लायसिन व मेथिओनिन दोन्ही अपुरी असतात. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन भरपूर, तर तिळाच्या पेंडीत मेथिओनिन अधिक असते. म्हणून या दोन पेंडी परस्परांस पूरक ठरतात. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल लायसिनला जखडून ठेवते व ते पचू देत नाही. सबब पैदाशीच्या कोंबड्यांना ती देण्याचे टाळावे.

खानदेशच्या कडक उन्हाळ्यात कोंबड्या कमी खातात. अशा वेळी नुसती पेंड वाढविल्यास जादा प्रथिनांच्या विघटनाने शरीरात उष्णता वाढते. त्याऐवजी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने खाद्यात लायसिन व मेथिओनिन योग्य प्रमाणात मिसळावे. पेंडीचा खर्च आटोक्यात राहून सशक्त पिले मिळण्याचा हाच मार्ग होय.