मध्यम दुर्बिणीचा जमाखर्च

वसईतील पापडीहून केळीच्या वाड्यांमधील अरुंद वाटांनी भुईगावच्या किनाऱ्याकडे निघालेल्या पक्षिनिरीक्षकाला एकाच सकाळी दोन सर्वस्वी भिन्न सृष्टींशी व्यवहार करावा लागतो: वाडीच्या दाट छायेत, दहा-पंधरा हातांवर, क्षणभरही स्वस्थ न बसणारा नाचण, आणि हिवाळ्यात ओहोटीच्या वाळूवर दूरवर पसरलेले, परस्परांहून ओळखू येऊ नयेत इतके सारखे भासणारे कुरव. या दोहोंस पुरून उरणारी एकच दुर्बीण असावी ही अपेक्षा स्वाभाविक असली, तरी प्रकाशशास्त्राच्या दरबारी असला अर्ज मंजूर होत नाही. तेथे फक्त तडजोडीची मुभा असते, आणि ८×३२ ही मध्यम आकाराची दुर्बीण म्हणजे अशीच एक तडजोड होय.

यातील पहिला आकडा वस्तू किती पट जवळ भासेल ते सांगतो, तर दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते, जी येथे ४ मिलिमीटर भरते. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत आकुंचित झालेली असल्याने ८×४२ दुर्बिणीची सव्वापाच मिलिमीटरांची शलाका अशा वेळी बव्हंशी वाया जाते. मात्र वसई किल्ल्याच्या पडक्या भिंतींत पिंगळा शोधू लागावे अशा संधिप्रकाशात बाहुली विस्फारते, आणि मग बत्तीसच्या तुलनेत सुमारे पावणेदोन पट प्रकाश गोळा करणारे बेचाळीसचे भिंग आपली किंमत वसूल करून देते. अर्थात तरुणांच्या बाबतीत. कारण वयोमानानुसार बाहुलीची ही क्षमता घटत जाते, सबब पेन्शनीत निघालेल्या गृहस्थाने अंधाराच्या धास्तीने जड दुर्बीण गळ्यात बांधून घेण्याचे फारसे प्रयोजन उरत नाही. बत्तीसचे वजन साधारणतः अर्धा किलो, बेचाळीसचे पाऊण किलोच्या आसपास. दुकानात नगण्य वाटणारा हा पाव किलो दुपारी मानेपाशी आपला हिशेब मागतो.

दहा पटींचा मोह अनेकांना होतो. पण दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताचा कंपही दहा पटींनी मोठा करते, दृष्टिक्षेत्र सहसा आकुंचित होते, आणि वाडीतला हळद्या त्या अरुंद चौकटीत सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. नायगाव-जूचंद्रच्या बाजूच्या मिठागरांवर ऊन चढले, की तापलेल्या हवेची थरथर शेकाट्याच्या लांब पायांना वेडेवाकडे करून दाखवते. ती थरथर अधिक मोठी करून पाहण्यात कोणता लाभ? भल्या सकाळी बांधावर ठाण मांडून बसणाऱ्याने १०×४२ खुशाल घ्यावी, परंतु खरोखर दूरच्या पक्ष्यांसाठी तिपाईवरील दुर्बिणीवाचून गत्यंतर नाही.

८×३२ विरुद्धची खरी तक्रार प्रकाशाची नसून चष्म्याची आहे. डोळा आणि मागचे भिंग यांच्यात किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवूनही संपूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. लहान दुर्बिणींपैकी पुष्कळ येथेच उणावतात, आणि चष्मेवाल्याला दृश्याचा केवळ मधला तुकडा मिळतो. दुसरे संकट आपल्या हवेचे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. म्हणून नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण निवडावी, आणि तीही सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवण्याची तजवीज करावी.

एकंदरीत, वाडी, तळे आणि किनारा असा पायी फिरणाऱ्या पापडीकराला माझी शिफारस ८×३२चीच राहील. चष्मा लावणाऱ्याने आणि तिन्हीसांजेस घुबडांमागे हिंडणाऱ्या तरुणाने मात्र ८×४२ घ्यावी. खरेदीस शक्यतो सायंकाळी जावे, आणि दुकानाबाहेर उभे राहून, आपल्याच चष्म्यातून, रस्त्यापलीकडच्या झाडाची सावलीतली पाने न्याहाळण्याची परवानगी जेथे मिळणार नाही, तेथे पैसे मोजू नयेत.