बर्फाचं कारंजं उडवणारी यंत्रं

दप्तरातली 30 सेंटिमीटरची पट्टी काढा आणि जमिनीवर उभी धरा. कॅनडात हिवाळ्यातल्या एका वादळी रात्रीत एवढा बर्फ सहज पडतो. सकाळी दार उघडावं, तर अंगण गायब, पायऱ्या गायब आणि रस्ताही गायब!

मग काय, घ्या फावडं! पण थांबा, आधी हिशोब करू. समजा, दारापासून रस्त्यापर्यंतची वाट 10 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद आहे. तिच्यावर 9 घनमीटर बर्फ साचला. ताजा, भुरभुरीत बर्फ घनमीटरला साधारण 100 किलो भरतो. म्हणजे झाले 900 किलो! एका फावड्यात 5 किलो उचलला, तर 180 वेळा वाकायचं. बर्फ ओला असेल, तर वजन आणखी दुप्पट-तिप्पट.

म्हणून तिकडे अनेकांच्या घरी स्नो-ब्लोअर असतो. हे यंत्र वाऱ्याच्या झोताने बर्फ उडवत असेल, असं वाटतं ना? पण ते बर्फ चक्क फेकतं!

यंत्राच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. त्याच्यावर मळसूत्री पातं असतं. हा दांडा सावकाश पण जोरकसपणे फिरतो, घट्ट झालेला बर्फ फोडतो आणि दोन्ही बाजूंनी मधे सरकवतो. त्याच्या मागे, गोल डब्यात, पोलादी पंखा असतो. हा मात्र गरागरा फिरतो. बर्फ पंख्याच्या पात्यांवर आला रे आला, की वरच्या नळीतून सूं करून बाहेर! पावसात मडगार्ड नसलेली सायकल दामटली की पाठीवर चिखलाची रांगोळी उमटते. इथेही तेच घडतं. फिरत्या चाकाच्या कडेवरून सुटलेली वस्तू कडेच्याच वेगाने सरळ निघून जाते.

किती वेगाने? समजा, पंख्याचा व्यास 30 सेंटिमीटर आहे आणि तो मिनिटाला 1000 फेरे घेतो. एका फेऱ्यात पात्याचं टोक सुमारे 94 सेंटिमीटर धावतं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 16 मीटर, ताशी 56 किलोमीटर! वाटेत हवा नसती, तर 45 अंशांच्या कोनात सुटलेला बर्फ 25 मीटरवर जाऊन पडला असता. हवा त्याला अडवते, म्हणून तो बराच अलीकडे पडतो. आणि गंमत बघा: हवेचा अडथळा नसेल, तर वेग दुप्पट केल्यावर अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

फोडायला जोर लागतो आणि फेकायला वेग. ही दोन कामं वेगवेगळ्या भागांना वाटून दिली, यातच या यंत्राची खरी हुशारी आहे.

फिरत्या चाकाने बर्फ हटवायची कल्पना आधी रेल्वेसाठी निघाली, आणि ती काढली एका दातांच्या डॉक्टरांनी! कॅनडातल्या टोरांटोचे जे. डब्ल्यू. एलियट यांनी 1869 मध्ये तिचा आराखडा केला. पुढे ऑरेंज जुल यांनी तो सुधारला आणि लहान नमुने बनवले. प्रयोगाला त्यांनी बर्फाऐवजी वाळू वापरली! 1880च्या दशकात खरोखरची मोठी यंत्रं रुळांवर आली. त्यांच्यातली वाफ फक्त पुढचं अवाढव्य चाक फिरवायची. यंत्राला ढकलायला मागे वेगळी इंजिनं लागायची.

स्वित्झर्लंडच्या बर्निना रेल्वेसाठी 1910 मध्ये बांधलेलं यंत्र मात्र वाफेवर स्वतःच पुढे चालतं. तिथल्या गाड्या विजेच्या, पण हे बर्फयंत्र वाफेचं. त्यामुळे वादळात विजेच्या तारा बंद पडल्या, तरी त्याचं काम थांबत नाही. हे पणजोबा यंत्र आजही धडधाकट आहे. खास फेऱ्यांमध्ये ते काळा धूर आणि पांढरा बर्फ एकदमच उडवतं!

रस्त्यांची अडचण सोडवली आर्थर सिकार्ड यांनी. ते कॅनडातल्या क्विबेक प्रांतातले, 1876 मध्ये जन्मलेले. घरचा धंदा दुधाचा. बर्फाने रस्ते अडले, की दूध गावात पोचायचं नाही. अठराव्या वर्षी त्यांनी शेतात मळणी यंत्र चालताना पाहिलं आणि त्यांना वाटलं, असंच काही बर्फासाठी का करू नये? त्यानंतर तीस वर्षं गेली, पण त्यांनी नाद सोडला नाही. 1925 मध्ये त्यांचं यंत्र तयार झालं. एक ट्रक, बर्फ गोळा करणारा भाग आणि फेकणारा पंखा. पंख्याला स्वतंत्र इंजिन होतं. हे यंत्र बर्फ 27 मीटर लांब फेकायचं, नाहीतर थेट शेजारच्या ट्रकमध्ये भरायचं. 1927 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमों गावाने पहिलं यंत्र विकत घेतलं.

आता घरच्या कारागिरांकडे वळू. कॅनडा-अमेरिकेत काही हौशी लोक जुन्या स्नो-ब्लोअरवर मोटारीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवतात. त्याची गर्जना ऐकून गल्ली जागी होते आणि बर्फ पार लांब जाऊन पडतो.

पण मला सगळ्यात आवडते ती याहून साधी युक्ती. पंख्याची पाती आणि भोवतीचा डबा यांच्यात थोडी फट असते. ओला बर्फ त्या फटीतून निसटतो, नळीत चिकटतो आणि नळी तुंबते. कारागीर काय करतात? प्रत्येक पात्याच्या टोकाला जाड रबराची पट्टी बोल्टने बसवतात. फट बुजते, बर्फ निसटत नाही आणि लांब जातो. इंजिन तेच, पण काम कितीतरी जास्त!

आणखी एक युक्ती बघा. मळसूत्री पातं दांड्याला जोडणारा बोल्ट मुद्दाम कमकुवत ठेवतात. बर्फात दगड अडकला, की तो स्वस्तातला बोल्ट तुटतो आणि महागडे दातेरी गिअर वाचतात. काही वेळा मोडण्यातही शहाणपण असतं!

अशी यंत्रं आपल्या देशातही आहेत. सीमा रस्ते संघटनेचे जवान आणि कामगार त्यांच्या मदतीने दरवर्षी झोजी ला आणि रोहतांगच्या घाटांतला बर्फ कापतात. झोजी ला सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, थंडी कडक आणि डोंगरावरून हिमकडे कोसळायची भीती. तरीही ते रस्ता मोकळा करतात, म्हणून लडाखला माल पोचतो.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण सिकार्ड यांना कल्पना देणारं मळणी यंत्र आहे. ते चालू असेल, तर घरातल्या मोठ्या माणसाबरोबर जा आणि लांब उभं राहून बघा. कुठला भाग सावकाश फिरतो? कुठला वेगात? भुसा किती पावलांवर पडतो? फक्त एक नियम कायम पाळा: चालू यंत्राच्या जवळ जायचं नाही आणि बंद यंत्रातही हात घालायचा नाही. तुम्ही काय पाहिलंत ते चित्र काढून आम्हाला नक्की पाठवा!